हायवेवरच्या सायकली : नोव्हेंबरची पानं

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025, जळगाव

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज शाळा भरली. शेवटच्या तासाला आठवी-नववीच्या मुलींना सायकली घेऊन मैदानात बोलावलं. निम्म्याहून जास्त सायकली मानव विकास कार्यक्रमातल्या आहेत. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन सायकल देतं. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलं तर सायकल, त्यापलीकडच्या मुलींसाठी निळी बस. या सायकलींनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सातवीनंतर ‘शाळा लांब पडते’ म्हणून घरी बसवलेल्या किती मुली आज दहावीला आहेत.

सायकली एकेक करून पाहिल्या. पुढचा ब्रेक बऱ्याच जणींनी मुद्दाम सैल करून ठेवलाय. ‘पुढचा दाबला की माणूस उलटं पडतं’ असं प्रत्येकीच्या भावाने सांगितलेलं. मागच्या ब्रेकचे रबर झिजून रिमला लोखंड लागतंय. चेनकव्हर तुटलेलं आणि त्याच सायकलवर ओढणी मोकळी. मागच्या मडगार्डवरचा लाल परावर्तक कॅरिअरला लावलेल्या दप्तराखाली झाकलेला. घंटी दोन-चार सायकलींना सोडून कुठेच वाजली नाही.

एकीला विचारलं, हायवे कसा ओलांडतेस? म्हणाली, “मॅडम, ट्रक गेला की पळायचं.”

शासनाने सायकल दिली, ती रस्त्यावर कशी चालवायची हे तिला कोणी सांगितलं नाही. मोटारसायकलवाल्याला लायसनसाठी निदान वाहतुकीची चिन्हं तरी पाठ करावी लागतात. सायकलला लायसन नाही, नंबर नाही, विमा नाही, आणि त्यामुळे शिकवणीही नाही. या महिन्यात ही शिकवणी मीच घेणार.

बुधवार, 5 नोव्हेंबर

पिंप्राळ्याहून शाळेपर्यंत मी सायकलनेच जाते. खोटेनगरच्या पुढे हायवेला लागलं की गिरणेचा पूल, बांभोरी आणि पुढे आत वळणारा आमचा रस्ता.

आज समोरून येणारे सायकलवाले नीट पाहिले. हाच तो जुना सहा नंबरचा हायवे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर करत कोलकात्यापर्यंत जाणारा. आता इथे त्याला 53 म्हणतात. चौपदरी झाल्यापासून मधे दुभाजक आला. शेतावर जाणारा मजूर पूर्वी सरळ रस्ता ओलांडून जायचा. आता दुभाजकातली मोकळी जागा लांब आहे. तिथवर जाऊन वळून परत यायचं, म्हणजे पायडल मारत दुप्पट अंतर, तेही भर उन्हात. मग तो उलट्या बाजूने येतो. दूधवाला उलटा येतो, शाळेची पोरं उलटी येतात, मोटारसायकलीही येतात.

उलट्या बाजूने जाणं जिवावरचं आहे, ते कोणत्याच कारणाने बरोबर ठरत नाही. मागून येणाऱ्या गाडीत आणि सायकलमध्ये वेगाचा फरक उरतो, समोरून येणाऱ्या गाडीत दोन्ही वेगांची बेरीज होते. शिवाय आडव्या रस्त्यावरून हायवेला लागणारा ड्रायव्हर उजवीकडेच बघतो. डावीकडून कोणी येत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. पण रस्ता आखणाऱ्याने सायकलवाल्याचं गाव कुठे आणि शेत कुठे हे पाहिलं असतं, तर उलटे येणारे निम्मे तरी सरळ चालले असते. जळगावकरांनी समांतर रस्त्यांसाठी किती वर्षं आंदोलनं केली! त्या मागणीचं मूळ हेच होतं: शहरातल्या शहरात भाजी आणायला, शाळेत जायला माणसाला राष्ट्रीय महामार्गावर का चढावं लागतं?

शनिवार, 8 नोव्हेंबर, धुळे

ताईकडे देवपूरला आले. एसटीत पुढच्या बाकावर बसायला मिळालं, त्यामुळे सगळा रस्ता ड्रायव्हरच्या डोळ्यांनी पाहिला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं आणि अंधार पडला. कापसाचे दिवस. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी. फागण्याच्या अलीकडे एक सायकलवाला प्रकाशात आला तो अगदी शेवटच्या क्षणी. अंगात काळपट स्वेटर, मागे गवताचा भारा. ड्रायव्हरने गाडी उजवीकडे घेतली, शिवी दिली नाही, फक्त मान हलवली.

दाजी एसटीतून निवृत्त झालेले चालक. जेवताना विषय काढला, तर हात धुवायचं विसरून बोलत राहिले. ते जे म्हणाले ते इथे जसंच्या तसं:

“बाई, सायकलवाला आमाले शत्रू नाही. तो दिसत नाही. मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाले, पुढच्या चाकाच्या बाजूले, माणूस उभा राहिला तर आरशात येत नाही. सिग्नलवर सायकलवाले तिथंच घुसतात. गाडी डावीकडे वळाली का मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं येत नाही, आतून येतं. तो चाकाखाली जातो अन् आमाले आवाज आल्यावर कळतं. पोरींना सांग, मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूने पुढे काढायचं नाही. मागे थांबा. अन् ड्रायव्हरचं तोंड आरशात दिसत नसंल, तर ड्रायव्हरलेबी तुम्ही दिसत नाही.”

हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

मग दाजी साइडपट्टीवर आले. लोक म्हणतात सायकलवाले डांबर सोडत नाहीत. कसे सोडतील? डांबराची कड आणि शेजारचा मुरूम यांच्यात कुठे चार बोटं, कुठे वीतभर खड्डा. तिथून खाली उतरताना तोल गेला तर सायकलवाला रस्त्याच्या आतल्या बाजूला पडतो, मागच्या गाडीच्या पुढ्यात. नव्या चौपदरीत कडेला डांबरी पट्टा आहे, पण त्यावर ट्रक उभे असतात. उभ्या ट्रकला वळसा घालायला सायकलवाला मुख्य रस्त्यावर येतो आणि तिथे त्याला उडवतात.

रविवार, 9 नोव्हेंबर, धुळे

सकाळी ताईबरोबर आग्रा रोडला गेले. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं, आणि पेठेचे रस्ते सरळ रेषेत आखले गेले. दोन हायवे इथे एकमेकांना छेदतात, जुना तीन नंबर आणि जुना सहा नंबर. मुंबई-आग्रा वाहतूक वळणरस्त्याने बाहेरून गेल्यावर शहरातल्या जुन्या आग्रा रोडवर माणूस, हातगाडी आणि सायकल यांना पुन्हा जागा मिळाली. गर्दी आहे, पण वेग नाही. धक्का लागला तर भांडण होतं, मरण येत नाही.

बाहेरच्या रस्त्यावर तसं नाही. शिरपूरच्या पुढे पळासनेरला 4 जुलै 2023 रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसं गेली. ताई म्हणाली, त्यात बसची वाट बघत उभी असलेली माणसंही होती. सातपुड्याचा उतार उतरून येणारी अवजड गाडी आणि उताराच्या पायथ्याशी थांबा, टपरी, शाळेची वाट. इथे चूक एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारून भागणार नाही.

मंगळवार, 11 नोव्हेंबर

रात्र झाली आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी साडेसात. बांभोरीजवळ, पुलाअलीकडे. माझ्या पुढे एक सायकलवाला होता. नंतर कळलं, एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळी करून गावाकडे निघालेला. तो कडेनेच चालला होता. कडेला उभ्या ट्रकला वळसा घालायला बाहेर आला आणि मागून आलेल्या पिकअपने त्याला डाव्या कोपऱ्याने उडवलं. सायकल ट्रकखाली, तो साइडपट्टीवर.

पिकअपवाला थांबला. पंचविशीतला पोरगा, केळीचे कॅरेट भरलेले. दोन मिनिटांत तीसेक माणसं जमली. अर्धे मोबाईल काढून उभे, आणि उरलेल्यांतले चार-पाच त्या पोराच्या कॉलरला. पडलेल्या माणसाजवळ एक म्हातारे आप्पा आणि मी. आप्पा ओरडले, “अरे भो, याले पाहा ना आधी! त्याले काय मारू राहिले?”

दोन जण आले आणि जखमीला काखेत धरून रिक्षात टाकायला निघाले. मी आडवी आले. मानेला, पाठीला मार असेल तर असं उचलण्याने धडधाकट माणूस जन्माचा अधू होतो. तो शुद्धीत होता, बोलत होता, श्वास नीट होता; मग घाई कशाला? 108 ला फोन लावला. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. डोक्याच्या जखमेवर माझी ओढणी दुमडून दाबून धरली. बघायला म्हणून मधेमधे उचलली नाही. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. पाजू दिलं नाही, कारण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं लागतं. डाव्या नडगीला हात लावला तर तो किंचाळला. तो पाय तसाच राहू दिला, दोन्ही बाजूंनी दप्तरं लावली. दोन मुलांना मागे पन्नास पावलांवर उभं केलं, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला. अपघात बघायला थांबलेल्यांवर मागून दुसरी गाडी चढते, हे हायवेवर नेहमी घडतं.

मग पिकअपचा नंबर हातावर लिहिला. उभ्या ट्रकचाही लिहिला, कारण तो निमूटपणे निघण्याच्या बेतात होता. मोबाईलवर फोटो काढले: गाडीचा डावा कोपरा, सायकल जिथे पडली ती जागा, डांबरावरचे चाकांचे व्रण, दोन्ही नंबरप्लेटा. गाड्या हलवल्या की यातलं काहीच राहत नाही. आप्पांना त्यांचं नाव विचारून वहीत लिहिलं. ते म्हणाले, “मी साक्ष देईन, पन मले कोर्टात फिरवतीन का?”

त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला जखमीला मदत करणाऱ्यासाठी नियम घालून दिले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. मदत करणाऱ्यावर त्या अपघाताची जबाबदारी येत नाही. त्याने नाव सांगायचं की नाही ही त्याची मर्जी. साक्षीदार व्हायचं की नाही हीसुद्धा. पोलीस त्याला डांबून ठेवू शकत नाहीत, दवाखाना त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. आप्पांनी नाव दिलं, गावही दिलं.

त्या पोराला तोवर दोन-चार बसल्या होत्या. “चावी काढून घ्या, मारू नका” एवढं एकच मी पुन:पुन्हा म्हणत होते. शेवटी चहाच्या टपरीवाल्याने त्याला आत बसवलं. कायद्यातच लिहिलंय की अपघात झाल्यावर ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, जमावाच्या रागामुळे किंवा त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तरच सूट. म्हणजे जमाव मारेल म्हणून पळून जाणाऱ्याला आपणच कारण देतो. ड्रायव्हर पळाला की गाडी गेली, गाडी गेली की नंबर गेला, आणि नंबर गेला की जखमीच्या घरच्यांच्या हाती काही उरत नाही.

मागच्या डिसेंबरात जळगाव शहरात कालिंकामाता मंदिराजवळ डंपरखाली एक लहान मुलगा गेला. लोकांनी डंपर पेटवून दिला. तो संताप मी समजू शकते. शहरातून बेफाम धावणाऱ्या डंपरांबद्दल आम्ही सगळेच वर्षानुवर्षं ओरडतोय. पण अपघातातल्या गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षकाला करावी लागते. ब्रेक लागत होते का, टायर कसे होते, हे तो बघतो. गाडी जाळली की मालकाविरुद्धचा तो पुरावाही जळतो. मरणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं असेल तर गाडीला हात न लावता तिच्याभोवती पोलीस येईपर्यंत उभं राहावं.

रुग्णवाहिका आली. शाळेत पोचले तेव्हा दुसरा तास सुरू होता.

बुधवार, 12 नोव्हेंबर

संध्याकाळी रुग्णालयात गेले. कालच्या सायकलवाल्याच्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, रॉड टाकणार. डोक्याला टाके, आत काही नाही.

त्याची बायको एरंडोलकडची. दाराशीच तिने मला बाजूला घेतलं. गाडीमालकाचा माणूस सकाळपासून दोनदा येऊन गेला. पंधरा हजार रोख देतो म्हणाला, ‘आमची काही तक्रार नाही’ एवढ्या कागदावर सही हवी. ती म्हणाली, “मॅडम, त्या म्हंतस कागदवर सही करी द्या, पैसा आत्तेच भेटतीन. मी काय करू?”

आमच्याकडे याला ‘आपसात मिटवणं’ म्हणतात. गावचे शहाणे लोक यात पुढे असतात, कोर्टकचेरी टळली म्हणून दोन्हीकडून चहा घेतात. मिटवायला माझा विरोध नाही. सायकलचं चाक वाकलं, गुडघा खरचटला, तर तिथल्या तिथे मिटवावं, हस्तांदोलन करून निघावं. पण हाड मोडलेल्या माणसाच्या बाबतीत मिटवणं म्हणजे त्याचा हक्क कवडीमोलाने विकणं. हा माणूस पाच-सहा महिने उभा राहून काम करू शकणार नाही. पंधरा हजारांत त्याच्या घरचा किराणा किती दिवस?

तिला समजावून सांगितलं. पिकअपला विमा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर जखमेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. जास्त नुकसान झालं असेल तर चूक सिद्ध करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम 166 खाली दावा. हाड मोडणं ही गंभीर जखमच. हे पैसे विमा कंपनी देते, त्या पोराला घर विकावं लागत नाही. आणि बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

तिने सही केली नाही.

आणखी एक गोष्ट कळली. रोख न भरता उपचाराची केंद्राची योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली: अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमलेल्या रुग्णालयांत. पण घरच्यांना ती कोणी सांगितलीच नव्हती. अशा योजनेची पाटी तातडीच्या विभागाच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत हवी.

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

पोलीस ठाण्यात जबाब दिला. तासाभरात झालं, फौजदारांनी नीट ऐकून घेतलं. फोटो दिले. 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. हे दोन्ही मागून घ्यायचे, असं जखमीच्या भावाला सांगून ठेवलं.

रविवार, 16 नोव्हेंबर

नोव्हेंबरचा तिसरा रविवार. रस्ते अपघातांत गेलेल्यांचा स्मरणदिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये हा दिवस मान्य केला.

2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. महाराष्ट्रातली 15,224. देशभरात सायकलवरची साडेचार हजारांहून अधिक.

सायकलवाला मेल्याची मोठी बातमी अलीकडे मी एकदाच वाचली. 28 फेब्रुवारी 2024 ला नवी मुंबईत नेरुळला पहाटे सायकल चालवणारे अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेत गेले. पेंटियम प्रोसेसरच्या कामातले मोठे अभियंते, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख. मोठा माणूस होता, हळहळ झाली, आणि व्हायलाच हवी होती. चटई कारखान्यातला कामगार गेला असता तर आतल्या पानावर तीन ओळी आल्या असत्या, तेही नाव चुकवून. 2021 च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून त्यावर बसलेले पंधरा मजूर दबून मेले. चार दिवस सगळे बोलले. मजूर आजही मालावर बसूनच येतात.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यांच्यामुळे आमच्याकडेही पहाटे हेल्मेट घालून, पुढे-मागे दिवे लावून सायकल चालवणारे डॉक्टर, वकील दिसायला लागले. मला त्याचा आनंदच आहे. त्या शर्यतीचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: रात्री स्पर्धकाच्या मागे त्याची गाडी दिवे लावून चाललीच पाहिजे. अंधारात सायकलवाला एकटा नको, हे तिथे गृहीत धरलंय. आमचा रात्रपाळीचा कामगार रोज रात्री एकटाच असतो. त्याच्या मागे गाडी कोणी देणार नाही, पण कारखान्याने त्याला चमकणारं जाकीट आणि मागचा लाल दिवा द्यायला काय हरकत आहे? चपलेच्या जोडापेक्षा तो दिवा स्वस्त मिळतो.

गुरुवार, 20 नोव्हेंबर

मैदानावर फक्कीने रस्ता आखला. दुभाजक, साइडपट्टी, आडवा रस्ता. पांढऱ्या चौकटीत ट्रक. नववीच्या एका मुलीला ट्रकच्या ड्रायव्हरच्या जागी बसवून डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंनी पुठ्ठे धरायला लावले, आणि बाकीच्या सायकली डाव्या अंगाने आणल्या. “मॅडम, मला कोणीच दिसत नाही!” ती ओरडली. दाजींचं वाक्य तेव्हा सांगितलं. ते आता त्या विसरणार नाहीत.

मग ब्रेक. पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम, हळूहळू वाढवत दाबायचे. फक्त मागचा दाबला तर सायकल दुप्पट लांब जाऊन थांबते, ते फक्कीच्या रेघेवर प्रत्येकीने स्वतः करून पाहिलं. दुपारपर्यंत सगळ्यांनी पुढचे ब्रेक घट्ट करून घेतले.

बोलत बोलत तिघी-तिघी शेजारी चालवायची सवय मोडायला वेळ लागणार. गावाच्या आतल्या रस्त्यावर दोघींनी शेजारी जाणं मला तितकं वाईट वाटत नाही; लांबून दिसतात, गाडीवाला वेग कमी करतो. हायवेवर मात्र एकामागे एक, मधे एका सायकलीचं अंतर ठेवून. वळायच्या आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग वळायचं. क्रम बदलायचा नाही. कानात काही घालायचं नाही. रस्ता ओलांडायचा तर सायकलवरून उतरून, हातात धरून, दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्याचं पाहून. दुभाजकावरून सायकल उचलून पलीकडे टाकायची नाही, ते तर बंदच.

एकीने विचारलं, “मॅडम, आपलं बरोबर असलं तरी गाडीवाल्याने उडवलं तर?” मग तिला आणि सगळ्यांनाच अपघातानंतरच्या पहिल्या तासात काय करायचं ते शिकवलं. 108 आणि 112. जखमीला न हलवणं, रक्त दाबून धरणं, नंबर लिहिणं. पेन नसेल तर नंबर मोठ्याने पुन:पुन्हा म्हणत राहायचा, विसरत नाही. प्रत्येकीच्या सायकलीच्या दांडीला आतून घरचा फोन आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधली.

भरताच्या पार्ट्या सुरू झाल्यात शेताशेतांत. रात्री शिवारातून परतणाऱ्या मोटारसायकली काय वेगात असतात! मुलींना सांगितलं, अंधार पडायच्या आत घर.

मंगळवार, 25 नोव्हेंबर

शिपाईमामांच्या ओळखीची एक बाई भेटायला आली. तिच्या नवऱ्याला जुलैत पारोळ्याजवळ पहाटे अज्ञात वाहनाने उडवलं. सायकलवर भाजीची गोणी होती. गाडी सापडली नाही. गुन्हा नोंदला, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, आणि तिथे सगळं थांबलं. तिला वाटलं, गाडी सापडली नाही म्हणजे काही मिळत नाही.

मिळतं. अज्ञात वाहनाने मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार. 1 एप्रिल 2022 पासून ही योजना लागू आहे. अर्ज तालुक्याच्या ठिकाणी, तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर कुटुंबाला या योजनेची माहिती लेखी द्या. या बाईला असा कागद मिळालेला नाही. तिच्यासारख्या किती असतील या दोन जिल्ह्यांत! शाळेचा एक कोरा ताव घेतला आणि तिच्याबरोबर बसून अर्ज लिहिला. सोबत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, तिच्या पासबुकाची प्रत.

शुक्रवार, 28 नोव्हेंबर

शाळेच्या लेटरहेडवर महामार्ग प्राधिकरणाला पत्र केलं, सह्यांसाठी ग्रामपंचायतीत ठेवलं. मागण्या तीनच: आमच्या फाट्यावर सायकलने ओलांडता येईल अशी जागा आणि तिथे दिवा, साइडपट्टीची कड डांबराला सपाट, आणि कडेच्या पट्ट्यावर ट्रक उभे करायला बंदी. सरपंचांनी पहिली सही केली. पत्र स्पीड पोस्टने गेलं.

चटई कारखान्यातल्या त्या कामगाराला रुग्णालयातून सोडलं. कुबड्या घेऊन घरी आहे. सायकल पोलीस ठाण्यात जमा आहे.

दाव्याचे कागद वकिलांकडे दिले. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असं 2019 च्या दुरुस्तीने ठरवलं. एप्रिल 2022 पासून ते लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, आणि तोवर मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश याच महिन्यात आला. वकील म्हणाले, आदेशाच्या भरवशावर बसू नका, मुदतीतच टाकू. त्याच्या बायकोने घरच्या कॅलेंडरवर पुढच्या 10 मे ला लाल खूण केली आहे.